लेकरांच्या दातांचा प्रश्न चळवळीचा का नाही?

दर्यापूरच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात पोटगीच्या तारखेसाठी एक भगिनी बसली होती. मांडीवर सहा वर्षांची मुलगी. मुलीचा उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला. लेकरू रडून थकलेले आणि आईच्या पदरात तोंड खुपसून कण्हत होते. आम्ही विचारले, काय झाले? ती म्हणाली, "दाढ दुखते वकीलसाहेब. चार दिस झाले, रातभर निजत नाही. पण दुधाचीच हाये, पडूनच जाईन ना." आम्ही मान डोलावली. "हो, पडेल" असे म्हणालो आणि पुढच्या प्रकरणाची फाईल काढली.

तिसऱ्या दिवशी कळले की, पोरीला ताप भरला आणि तिला अमरावतीला न्यावे लागले. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दाढ काढावी लागली. आईची तीन दिवसांची मजुरी बुडाली, जाण्यायेण्याचे आणि औषधाचे पैसे उसने घ्यावे लागले आणि पोरगी आठ दिवस शाळेत गेली नाही. पोटगीची रक्कम मिळायची तेव्हा मिळेल, पण तिच्या हिशेबात हे कर्ज आधीच येऊन बसले.

त्या दिवशी आमची मान का डोलावली गेली, हा प्रश्न आम्हाला अजून सोडत नाही. कायद्याची पदवी घेतलेला, वीस वर्षे चळवळीत वावरणारा माणूस एका अडाणी समजुतीला होकार देतो, याचा अर्थ ती समजूत आमच्याही घरात होती. दात हा आमच्या चर्चेचा विषयच नव्हता. आम्ही आरक्षणावर बोललो, अत्याचाराच्या प्रकरणांवर बोललो, शिष्यवृत्तीवर मोर्चे काढले. ते सगळे आवश्यकच होते आणि आहे. पण आमच्या वस्तीतले लेकरू रात्रभर दाढेच्या कळेने तळमळते, सकाळी उपाशीपोटी शाळेत जाते आणि फळ्याकडे पाहताना त्याचे लक्ष गालावरच्या हातात असते, हे आम्हाला शिक्षणाच्या प्रश्नाशी जोडता आले नाही.

दुधाच्या दातांबद्दलची समजूत आधी तपासली पाहिजे. लेकराला साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात पुरे होतात. त्यातले पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे पाचव्या-सहाव्या इयत्तेपर्यंत भाकर चावायची ती याच दाढांनी. शिवाय पुढच्या पक्क्या दाताची जागा त्याच राखून ठेवतात. दुधाची दाढ किडून लवकर गेली की शेजारचे दात तिकडे झुकतात आणि पक्का दात वाकडा येतो. मुळाशी पू झाला तर खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातालाही इजा पोचू शकते. आणखी एक गोष्ट आयाबायांना कोणी सांगतच नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे जी दाढ येते, ती कोणताही दात पाडून येत नाही. त्यामुळे ती दुधाचीच समजली जाते. ती पक्की असते आणि जन्मभर पुरायची असते. "दुधाचीच आहे" म्हणत म्हणत कित्येक घरांत ती दोन वर्षांत किडून जाते.

दात किडतो कसा, हेही साधे आहे. तोंडात जंतू असतात. साखर आणि पिठूळ पदार्थांचे कण दाताला चिकटले की हे जंतू त्यापासून आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताच्या कवचातला चुना झिजवते. थुंकी हे आम्ल हळूहळू निवळवते, पण दर तासाला तोंडात काही गोड पडत राहिले तर थुंकीला ती सवडच मिळत नाही. रात्री झोपेत थुंकी कमी सुटते. म्हणून रात्री न धुतलेले तोंड सकाळच्या न धुतलेल्या तोंडापेक्षा जास्त घातक असते. आमच्या घरोघरी मात्र दात घासायचे म्हणजे सकाळी, आणि तेही चहाच्या आधी एकदा बोट फिरवून.

चहाचेही बोलले पाहिजे. मजुरीवर जाणारी माय पहाटे उठून भाकरी थापते आणि लेकराला चहात बुडवून टोस्ट देते. तान्हे रडू नये म्हणून साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन त्याला निजवले जाते. दुपारी हातावर रुपया टेकवला की लेकरू कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळी घेऊन येते. यात मायमाउलीचा दोष नाही. जिला रोजीसाठी बारा तास बाहेर राहावे लागते, तिच्यासाठी बिस्किटाचा पुडा हीच घरातली दाई असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दिलेल्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ५१ कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. त्यांत गरिबांची मुले जास्त भरडली जातात, हे सांगायला अहवालाची गरज नाही. कोणत्याही वस्तीत जाऊन दहा लेकरांना "आ कर" म्हणा.

आता कोणी म्हणेल, यात जात कुठे आली? ती तोंडाच्या चुळीत आली. तोंड धुवायला पाणी लागते. दर्यापूर तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. इथल्या भुईतले पाणी खारट, डाळ न शिजवणारे. नळयोजना येण्यापूर्वी गोडे पाणी ज्या मोजक्या विहिरींना होते, त्या विहिरींवर आमच्या आजी-पणजीला पाय ठेवता येत नव्हता. कोणीतरी वरून ओतेल तेव्हा घागर भरायची. त्या घागरीतले पाणी आधी प्यायला, मग भाताला. चुळा भरायला कुठून उरणार? आणि त्याच तोंडाला वास येतो म्हणून नाके मुरडायची, हा या व्यवस्थेचा न्याय. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने तोंडाला लावले, तेव्हा त्या ओंजळीत चुळेचाही हक्क होता, असे आम्ही मानतो.

आमच्या लहानपणी वर्गात एक गुरुजी होते. ते काही मुलांना तोंडाला वास येतो म्हणून मागच्या भिंतीशी बसवत. ती काही मुले कोणती असत, हे या पानाच्या वाचकाला सांगायला नको. आम्ही त्या भिंतीशी तीन वर्षे बसलो. आम्हाला राग गुरुजींचा आला, तो योग्यच होता. पण घरी येऊन आम्ही मायला विचारले नाही की आपल्या घरात ब्रश का नाही. मायच्या हाती राखुंडी होती, कधी कोळसा, कधी विटेचा चुरा. ती स्वतः तंबाखूचे काळे मंजन लावायची आणि दाढ दुखली की आमच्याही हिरडीला चिमूटभर लावायची. दुखणे बधिर व्हायचे. तेच औषध वाटायचे.

या तंबाखूच्या मंजनाबद्दल वकील म्हणून दोन शब्द. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली १९९२ साली बंदी घातली. उत्पादकांच्या बाजूने ही बंदी सर्वोच्च न्यायालयात आव्हानित झाली. 'लक्ष्मीकांत विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात १९९७ साली न्यायालयाने बंदी कायम केली. म्हणजे ज्या डबीवर 'मंजन' लिहिले आहे आणि आत तंबाखू आहे, ती डबी गेल्या तीस वर्षांहून अधिक काळ बेकायदा आहे. पण तंबाखू मंजन म्हणून विकायचा नाही, तर नुसता तंबाखू म्हणून विकायचा, आणि घेणाऱ्याने तो भाजून दातांना लावायचा, ही पळवाट उरलीच. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकणे गुन्हा ठरवले. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७७ तर त्याहून कडक आहे. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलमात 'विकणारा' असा शब्द नाही, 'देणारा' असा आहे. "जा रे, कोपऱ्यावरून खर्रा घेऊन ये" असे म्हणून पोराच्या हाती पैसे देणाऱ्या बापाने आणि ती पुडी पोराच्या हाती ठेवणाऱ्या पानठेलेवाल्याने हे कलम एकदा वाचावे.

इथे आम्ही आमच्याच माणसांकडे बोट दाखवतो. विहाराच्या पायरीवर खर्रा थुंकून आत जाणारे आणि मग पंचशील म्हणणारे कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. एक काळ आम्हीही त्यांत होतो. जे तोंड सकाळी लेकराला "दात घास" म्हणते, तेच तोंड लाल असेल तर लेकरू काय शिकेल? ते ऐकत नाही, ते पाहते.

दात घासण्याचा आणि धम्माचा काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी विनयपिटकातला चुल्लवग्ग उघडावा. भिक्खू दातवण करीत नसत, त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येई. ही गोष्ट तथागतांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी दातवण न करण्याचे पाच तोटे आणि करण्याचे पाच फायदे सांगून त्याला अनुज्ञा दिली. तोटे कोणते? डोळ्यांना अपाय, तोंडाला दुर्गंधी, रसवाहिन्यांची अशुद्धी, अन्नावर पित्त आणि कफाचे आवरण, आणि जेवणाची गोडी जाणे. यात पाप-पुण्य नाही, देव-दैव नाही. कारण आणि परिणाम एवढेच आहे. त्यातले वैद्यक त्या काळातले आहे, पण विचार करण्याची पद्धत आजचीच आहे.

त्याच प्रकरणात पुढे जी गोष्ट येते, ती आम्हाला अधिक मोलाची वाटते. काही भिक्खू लांबलचक दातवण वापरू लागले आणि त्याच काडीने लहान श्रामणेरांना मारू लागले. तेव्हा बुद्धांनी नियम केला की, दातवण जास्तीत जास्त आठ बोटे लांब असावे आणि त्याने श्रामणेराला मारू नये. नंतर कोणा भिक्खूच्या घशात फारच आखूड काडी अडकली, तेव्हा किमान चार बोटांची मर्यादाही घातली. अडीच हजार वर्षांच्या परंपरेत लेकरांच्या दातांबद्दल याहून स्वच्छ आदेश शोधून सापडणार नाही. दात घासण्याचे साधन लेकराला मारण्याचे साधन होता कामा नये.

आमच्या घरांत नेमके उलटे होते. बाप ओरडतो, "घासले का बे दात? दाखव!" आणि उत्तराआधी थप्पड बसते. मग लेकरू ब्रश ओला करून आणते, दात न घासताच. थपडेने खोटे बोलायची सवय लागते, दात घासायची लागत नाही. ज्या पोराला ब्रश पाहून बापाचा हात आठवतो, ते पोरगे बापाच्या हातातून सुटले की ब्रशही सोडते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेत बाबासाहेब बोलले. स्वच्छ राहायला शिका, दुर्गुणांपासून दूर राहा, मुलांना शिक्षण द्या, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा रुजवा, असा त्या भाषणाचा आशय होता. या चार गोष्टींचा क्रम पाहावा. स्वच्छता सर्वांत आधी आहे. ती कोणाला खूश करण्यासाठी नाही, कोणाच्या पंक्तीला बसण्याच्या लायकीसाठी तर मुळीच नाही. ती स्वतःच्या शरीराचा मान राखण्यासाठी आहे. आमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा गावोगाव खराटा घेऊन हेच सांगत फिरले. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले आणि चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबा गेले. दोघांच्या तसबिरी आमच्या भिंतीवर शेजारी-शेजारी आहेत. त्या भिंतीवर एक खिळा ठोकून लेकरांचे ब्रश टांगायला काय हरकत आहे?

आता करायचे काय, ते नेमके सांगतो. पहिला दात दिसला की त्याच दिवसापासून तो साफ करायला लागावे. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. पेस्ट फ्लोराईड असलेली घ्यावी. पाकिटावर सुमारे १००० पीपीएम लिहिलेले असते. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात ती कंपनीच्या फायद्याची, लेकराच्या नव्हे. ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ असावा. तो दर तीन महिन्यांनी किंवा केस फाकले की बदलावा. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे घासावे आणि त्यातली रात्रीची वेळ चुकवू नये. घासल्यावर फेस थुंकावा, खळखळून चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराईड दातांवर टिकते. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही देऊ नये.

सात-आठ वर्षांपर्यंत लेकराच्या हाताला मागच्या दाढा नीट घासता येत नाहीत. म्हणून ते आधी स्वतः घासेल, मग मोठ्या माणसाने एकदा हात फिरवायचा. लेकराला समोर उभे करून नव्हे, तर मांडीवर किंवा पुढ्यात पाठमोरे घेऊन, त्याचे डोके आपल्या छातीला टेकवून घासावे. त्याला भीती वाटत नाही आणि आपल्याला दाढा दिसतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रात्री जेवणानंतर घरातल्या मोठ्यांनीही त्याच्याबरोबर घासावे. कॅलेंडरवर रोज एक खूण लेकराच्याच हाताने करावी. महिनाभर खुणा भरल्या की त्याला गोळी नव्हे, वही किंवा चेंडू द्यावा.

राखुंडी, कोळसा, विटेचा चुरा बंद. तांबडे-काळे खरबरीत मंजनही दाताचे कवच झिजवते. बाभळीची किंवा कडुलिंबाची काडी मोठ्या माणसाने नीट चावून मऊ करून वापरली तर ती वाईट नाही, पण लेकराच्या मागच्या दाढेपर्यंत ती पोचत नाही आणि तिच्यात फ्लोराईडही नसते. दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे दिसत असतील तर ते जोरात घासून जाणार नाहीत. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे. तिथे आधी पाणी तपासून घ्यावे आणि पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारावे.

पण केवळ आईबापांना उपदेश करून सरकारला मोकळे सोडणे, हा आमचा मार्ग नाही. घटनेच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. ३९ (फ) कलम मुलांना निकोप रीतीने वाढण्याची संधी मिळावी असे सांगते. फ्लोराईडयुक्त टूथपेस्टला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडे मात्र पेस्ट आणि ब्रशवर १८ टक्के जीएसटी होता. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. औषध म्हणून मान्य झालेल्या वस्तूवर चैनीच्या वस्तूसारखा कर इतकी वर्षे गरिबाने भरला. आता कर उतरला तर किंमत उतरली का, हे दुकानात जाऊन विचारणे आपले काम आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्यात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांच्या तपासणीत दातांची तपासणी येते. तपासणीत किडलेली दाढ आढळली तर मुलाला पुढच्या उपचाराला पाठवायचे असते. आपल्या वस्तीतल्या किती आयांना हे माहीत आहे? पथक कधी येते, कोणाची नोंद झाली, कोणाला पुढे पाठवले, हे शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या आपल्या पालकांनी लेखी विचारावे. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आम्ही लिहून देतो, फी घेणार नाही.

त्या पोरीच्या दाढेनंतर आम्ही वस्तीतल्या विहारात रविवारच्या बालवर्गाला एक भर घातली. त्रिसरण-पंचशील झाले की मुलांनी ब्रश घेऊन बाहेर बसायचे आणि आम्ही मोठ्यांनीही त्यांच्यात बसायचे. पहिल्या रविवारी एक नऊ वर्षांचा पोरगा ब्रश घेऊन आला नाही. विचारले तर मान खाली घालून म्हणाला, "सर, आमच्या घरी तिघांत एकच हाये. आज बहीण घेऊन आली." बहीण बाजूलाच बसली होती. तिने घासून झाल्यावर तो ब्रश धुऊन भावापुढे धरला.

आम्ही वर्गणी करतो. जयंतीची करतो, मिरवणुकीची करतो, डीजेची करतो. त्या दिवशी विहारातच ठरले की, या वर्षी जयंतीच्या वर्गणीतून आधी वस्तीतल्या प्रत्येक लेकराला स्वतःचा ब्रश, मग बाकी सगळे. दोन-चार तरुणांनी नाराजीने पाहिले. त्यांतल्याच एकाने पुढच्या रविवारी घरोघर जाऊन लेकरांची यादी करून आणली. यादीत त्याने ब्रश नसलेल्या मोठ्या माणसांचीही नावे लिहिली होती. त्यात त्याच्या मायचे नाव पहिले होते.

ती भगिनी पोटगीच्या पुढच्या तारखेला आली, तेव्हा पोरगी बरोबर होती. आम्ही वाकून म्हणालो, "आ कर." तिने आ केला. दाढेची जागा रिकामी होती, बाकीचे दात घासलेले होते. माय म्हणाली, "रातच्यानं मीबी घासतो आता तिच्यासंगं. नाही घासलं त झोपूच देत नाही मले." आमच्याकडून त्या माउलीला पोटगी अजून मिळवून देणे बाकी आहे. ते आम्ही करूच. पण तोवर कोणा आईने पुन्हा "दुधाचीच आहे" म्हटले, तर यापुढे आमची मान डोलणार नाही. आपलीही डोलू नये. जय भीम.